विश्लेषण : कुत्रा हावरट नाही, उकिरडा उघडा आहे!

घरातला लॅब्रॅडोर असो की तांड्यावरचा गावठी, खाण्याचा वास आला की दोघेही सुटतातच. ही भूक येते कुठून, ती आवरायची कशी आणि बीड जिल्ह्यात दसऱ्यानंतर हा प्रश्न जास्त अवघड का होतो?

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातले कुत्रे थेट परदेशी बातम्यांत पोहोचले होते. माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या छपरांवर नेत होती. मेलेल्या पिल्लांचा गावकऱ्यांनी सांगितलेला आकडा अडीचशेच्या घरात होता. ‘माकडांचा सूड’ असे मथळे झळकले, मीम्स फिरले, नागपूरहून आलेल्या वन विभागाच्या पथकाने दोन वानरे पकडली आणि विषय संपला. पिल्ले मरत होती ती उंचावरून पडून किंवा वर अन्नपाणी न मिळाल्याने, हेही तेव्हाच्या बातम्यांत होते. सूडाच्या गोष्टीपुढे ते कोणाच्या लक्षात राहिले नाही.

रोजची भूक व्हायरल होत नाही. बसस्थानकामागे, चिकनच्या दुकानासमोर, मंगल कार्यालयाच्या भिंतीलगत आणि गावाबाहेरच्या उकिरड्यावर कुत्रे रोज एकच काम करत असतात. हुंगायचे, उकरायचे, गिळायचे. घरात दोन वेळ जेवलेला कुत्राही खरकट्याच्या बादलीत तोंड घालतो. मग आपण त्याला हावरट ठरवतो आणि काठी उगारतो.

काठीचा उपयोग होत नाही, हे कुत्रा पाळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भूक कुत्र्याच्या हातात नसते. अन्न कुठे, किती आणि कधी, हे मात्र पूर्णपणे माणसाच्या हातात असते. म्हणून बंदोबस्त करायचा तो अन्नाचा. घरात हे खरे आहे आणि गावातही.

कुत्र्याला सतत भूक का लागते?

कुत्र्याचा पूर्वज लांडगा. लांडग्याला शिकार रोज मिळत नाही, म्हणून मिळेल तेव्हा पोटाला तडस लागेपर्यंत खायचे, ही त्याची रीत. कुत्रा माणसाजवळ राहू लागला तो बहुधा वस्तीच्या कडेला पडणाऱ्या उरल्यासुरल्या अन्नावर. तिथेही नियम तोच होता. आज दिसले ते आज खा, उद्याचे सांगता येत नाही. हजारो वर्षे हा नियम पाळणारेच जगले आणि त्यांचीच पिल्ले आज आपल्या अंगणात आहेत. तुमच्या कुत्र्याला फ्रिज माहीत नाही, संध्याकाळी पुन्हा ताट मिळणार याचीही त्याला खात्री नाही. त्याचे शरीर दुष्काळ गृहीत धरूनच चालते.

दुसरे कारण सवयीचे आहे. एकदा एखाद्या कोपऱ्यात कोंबडीचे हाड सापडले की कुत्रा तो कोपरा विसरत नाही. पुढचे दहा दिवस तिथे काहीच मिळाले नाही तरी तो रोज तिथे डोकावतो. कधी मिळते, कधी मिळत नाही, हीच गोष्ट सवय पक्की करते. आपण मोबाइलची स्क्रीन खाली ओढून काही नवे आले का ते पुन्हा पुन्हा पाहतो, त्यामागेही हेच गणित आहे. म्हणून ‘आजच्या दिवस दिले’ हे वाक्य घातक. दहा वेळा नाही म्हणून अकराव्या वेळी ताटातला तुकडा दिला, तर कुत्रा एवढेच शिकतो की अकरा वेळा मागितले की मिळते.

रस्त्यावरच्या कुत्र्याची निवडही आंधळी नसते. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. भात, पाव, पोळीवर जगणारे हे कुत्रे कचऱ्यातून आधी मांसाचा वास असलेली वस्तू उचलतात, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. मांसच असावे लागत नाही, वास पुरतो. रश्श्याचे डाग पडलेली प्लॅस्टिकची पिशवी कुत्रा का गिळतो, याचे उत्तर इथे मिळते.

लॅब्रॅडोरचे प्रकरण वेगळे का?

बीड, अंबाजोगाई, परळीसारख्या शहरांतही आता लॅब्रॅडोर दिसू लागले आहेत. ‘आमचा कितीही खाल्ले तरी उपाशीच,’ ही त्यांच्या मालकांची तक्रार असते. ती खोटी नाही.

केंब्रिज विद्यापीठाच्या एलिनॉर रॅफन यांच्या गटाने २०१६ मध्ये याचा माग काढला. पीओएमसी नावाच्या जनुकातली १४ अक्षरे काही लॅब्रॅडोरमध्ये गळालेली असतात. तपासलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा कुत्र्यांत हा बदल सापडला. हे जनुक मेंदूपर्यंत ‘पोट भरले’ हा निरोप पोहोचवण्याच्या कामात असते. त्यातलाच तुकडा गेला की निरोप अर्धवट पोहोचतो.

याच गटाने २०२४ मध्ये पुढचा भाग मांडला. न्याहारीनंतर तीन तासांनी कुत्र्यांसमोर भोके असलेल्या पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवले. दिसते, वास येतो, पण मिळत नाही. जनुकात बदल असलेले कुत्रे त्या डब्यापाशी जास्त वेळ घुटमळले. म्हणजे दोन जेवणांच्या मधल्या वेळात त्यांना भूक जास्त छळते. शिवाय आरामात असताना त्यांचे शरीर सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करते. भूक जास्त आणि खर्च कमी, असा दुहेरी मार.

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचे तर टाकी भरल्याचे सांगणारा सेन्सरच बिघडलेला आहे. अशा वेळी मोटारीवर ओरडून काय होणार? पाणी मोजून सोडायचे. लॅब्रॅडोरचेही तेच. त्याच्या डोळ्यांकडे पाहून वाढायचे नाही, वाटीने मोजून वाढायचे. नसबंदीनंतरही कुत्र्याची भूक वाढते आणि गरज घटते, त्यामुळे तेव्हाही वाटी पुन्हा मोजावी लागते.

भाकरी चालते का? आणि किती?

चालते. ‘कुत्रा मांसाहारी आहे, त्याला भाकरी देऊ नका,’ हे अर्धसत्य आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला, तसे कुत्र्याचे पोटही बदलले. मराठवाड्यातला गावठी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीवर जगला तो काही योगायोगाने नाही.

किती द्यायची, याचे गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होते. कुत्र्याचे किलोतले वजन तीनदा एकमेकांशी गुणा. आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढा, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. ही नुसते पडून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, साधारण हालचाल करणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणतात.

१५ किलोच्या गावठी कुत्र्याचा हिशेब असा. १५ गुणिले १५ गुणिले १५ म्हणजे ३३७५. दोनदा वर्गमूळ काढल्यावर ७.६. त्याला ७० ने गुणले की साधारण ५३०, आणि १.६ ने गुणले की दिवसाला सुमारे ८५० कॅलरी. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ३३० ते ३५० कॅलरी असतात. म्हणजे एवढ्या पिठाच्या अडीच मोठ्या भाकरींत त्याची दिवसाची ऊर्जा भागते.

ऊर्जा भागते, पोषण मात्र पूर्ण होत नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो. म्हणून भाकरी थोडी कमी करून तिच्यासोबत साधे वरण, अंडे, मासळी किंवा थोडे शिजवलेले चिकन द्यावे. वरण फोडणीचे नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

बिस्किटांचे काय? ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये साडेचारशेच्या आसपास कॅलरी असतात. ५० ग्रॅमचा पुडा म्हणजे या कुत्र्याच्या दिवसाच्या गरजेचा पाव हिस्सा, तोही नुसत्या मैद्या-साखरेचा. प्रेमाने दिलेले दोन पुडे अर्ध्या जेवणाची जागा खातात आणि भूक लवकर परत आणतात. वरखाण्याचा वाटा एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नये.

‘सतत भूक’ हा आजार कधी असतो?

खाणे वाढले आणि वजन घटले, तर स्वभावाला दोष न देता आधी जंत तपासावेत. उकिरड्यावर चरणाऱ्या आणि पिसवा झालेल्या कुत्र्याला जंत असणारच, असे धरून चालावे. पिल्लांना पहिल्या काही महिन्यांत थोड्या थोड्या दिवसांनी आणि मोठ्यांना साधारण तीन महिन्यांनी जंतनाशक देतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यकाला विचारूनच द्यावी.

जंतनाशक देऊनही फरक पडत नसेल, पाणी पिणे आणि लघवी वाढली असेल, तर मधुमेहाची शंका घ्यावी. पोट सुटले, केस गळू लागले आणि भूक वाढली, तर संप्रेरकांचा आजार असू शकतो. खाल्लेले न पचता तेलकट, ढीगभर शौच होत असेल, तर स्वादुपिंड तपासावे लागते. खाजेसाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही भूक भडकते. आणि पिल्लांना पाजणारी मादी सतत मागत असेल, तर तिला आजार नसतो. तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणे लागतेच, ते द्यावे.

उकिरड्यावर नेमका धोका काय?

पहिला धोका विषाचा. उंदीर मारण्यासाठी पिठात कालवून ठेवलेले झिंक फॉस्फाइड, प्रक्रिया केलेले बियाणे, कापसावरच्या फवारणीचे डबे, हे सगळे शेतकऱ्याच्या घराजवळच असते. झिंक फॉस्फाइडचा पोटात विषारी वायू होतो. कुत्र्याने असे काही खाल्ल्याचा संशय आला, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. पुडी किंवा डबा सोबत घेऊन थेट पशुवैद्यकाकडे जा. कुत्रा ओकला तर त्यावर वाकू नका, तो वायू माणसालाही बाधतो. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक मोबाइलमध्ये जतन करून ठेवावा.

दुसरा धोका आतड्यात अडकणाऱ्या वस्तूंचा. प्लॅस्टिकची पिशवी, आंब्याची कोय, दाणे खाऊन उरलेले मक्याचे कणीस, शिजवलेली हाडे. कच्च्यापेक्षा शिजवलेले हाड वाईट, ते अणकुचीदार फुटते. द्राक्षे आणि बेदाण्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. चॉकलेटही विषच.

तिसरा धोका माणसाचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. जत्रेत किंवा कंदुरीत बोकड कापले की काळीज-फुप्फुसातला खराब दिसणारा भाग कुत्र्यांना टाकला जातो. त्यात पाण्याने भरलेल्या गाठी असतील, तर त्यातून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक फीतकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून माती, भाजी आणि हातांवर येतात, तिथून माणसाच्या पोटात जातात आणि यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी करतात. याला हायडॅटिड म्हणतात. कधी त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. ही साखळी तोडायला खर्च येत नाही. एक खोल खड्डा पुरतो. कापलेल्या जनावराची आतडी-फुप्फुसे कुत्र्यापुढे टाकायची नाहीत, पुरायची.

घरात काय करायचे?

एक, जेवण दोन ठरलेल्या वेळी आणि मोजून. दिवसभर भरलेले ताट समोर ठेवू नये. वेळ पक्की झाली की मधल्या वेळातले मागणे हळूहळू कमी होते.

दोन, बादली उंच. खरकट्याच्या बादलीला घट्ट झाकण लावा, झाकणावर दगड ठेवा किंवा बादली खुंटीला टांगा. सापडणेच बंद झाले की शोधणे कमी होते. आठवड्यातून एकदा जरी झाकण उघडे राहिले, तरी आधीची मेहनत वाया जाते.

तीन, खायला वेळ लावा. भाकरीचे तुकडे अंगणात विखरून टाका, नारळाच्या करवंटीत दाबून द्या किंवा जुन्या फडक्यात गुंडाळून द्या. कुत्र्याला शोधण्याचीही भूक असते. तीच भाकरी दोन मिनिटांऐवजी वीस मिनिटे पुरते आणि कुत्रा निवांत होतो.

चार, ‘सोड’ शिकवा. कुत्र्याने तोंडात काही धरले की आपण त्याच्या मागे धावतो. मग तो घाईने गिळून टाकतो, कारण त्याच्या हिशेबी आपण त्याचे खाणे पळवायला आलेलो असतो. उलट करा. शांतपणे ‘सोड’ म्हणा, नाकासमोर त्याहून चांगले काही धरा, त्याने सोडले की लगेच ते द्या. रोज पाच मिनिटे, आधी घरात आणि मग रस्त्यावर. तोवर रस्त्यावर पट्टा आखूड ठेवा. फारच खोड असेल तर जाळीची मुसकी बांधा. तिच्यातून कुत्रा धापू शकतो, पाणी पिऊ शकतो, गिळू मात्र शकत नाही.

पाच, खाणाऱ्या कुत्र्याजवळ लहान मुलांना जाऊ देऊ नका. ताटाची राखण करणारा घरचा कुत्राही चावतो. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, हळद-चुना लावायचा नाही, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करायचे. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही, म्हणून ‘बघू उद्या’ इथे चालत नाही.

रस्त्यावरच्या भुकेचे काय?

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्रे मोजले गेले, त्यांतले सुमारे पावणेतेरा लाख महाराष्ट्रात. ते हवेवर जगत नाहीत. त्यांना कोणीतरी, कुठेतरी, रोज जेवू घालते आहे. बहुतेक वेळा ते ‘कोणीतरी’ म्हणजे उघडा कचरा.

हा कचरा पूर्वीही होता, पण त्याला वाटेकरी होते. मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की गिधाडे काही तासांत सांगाडा करत. १९९० च्या दशकात गिधाडे झपाट्याने मेली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याचे कारण होते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर गिधाडांचे ताट कुत्र्यांपुढे आले होते. अन्न वाढले, कुत्रे वाढले.

कुत्रे वाढले की त्यांच्या मागे आणखी कोणी येते. बीडच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. आष्टी तालुक्याने २०२० च्या नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गमावली आहेत. त्या हल्ल्यांचे खापर कुत्र्यांवर फोडण्याचा इथे हेतू नाही. पण वस्तीला लागून उकिरडा, उकिरड्यावर कुत्रे आणि कुत्र्यांवर बिबट्या, ही साखळी ज्या गावात तयार होते त्या गावाने झोपून राहू नये.

सर्वोच्च न्यायालयात २०२५ मध्ये हा विषय गाजला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातले सगळे मोकाट कुत्रे निवाऱ्यात हलवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावेत, पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे सोडू नयेत, खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात, असे त्यात होते. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणांहून कुत्रे हटवण्याचे निर्देश आले. खाऊ घालण्याच्या जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि ये-जा करण्याच्या वाटेपासून दूर असाव्यात, हे प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ मध्ये आधीच सांगितलेले आहे.

यानंतर समाजमाध्यमांवर दोन गट पडले. एक म्हणतो खाऊ घाला, दुसरा म्हणतो हटवा. दोघेही कचऱ्याबद्दल बोलत नाहीत. कुत्रे हटवले आणि चिकनच्या दुकानामागचा ढीग तसाच ठेवला, तर रिकामी जागा महिनाभरात दुसरे कुत्रे भरतात. नसबंदी न करता नुसते खाऊ घातले, तर पुढच्या वर्षी दुप्पट ताटे लागतात. आणि नसबंदी, लस काहीच न करता एका रात्रीत कचरा बंद केला, तर उपाशी टोळकी शेळ्या-कोंबड्यांकडे वळतात. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी नसबंदी आणि लस, सोबत ठरलेल्या जागी ठरलेले खाणे, आणि मग उघडे अन्न टप्प्याटप्प्याने बंद.

ओला-सुका कचरा घरातच वेगळा करा, असे घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ पासून सांगत आहेत. घंटागाडीत एकत्र टाकलेली पिशवी शेवटी कुत्राच वेगळी करतो.

बीडमध्ये दसऱ्यानंतर काय बदलते?

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने वाड्या-तांड्यांवर कुलपे दिसतात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि काही लेकरे. काही कुत्रे टोळीसोबत जातात आणि कोपीची राखण करतात. काही मागे राहतात. ज्या दाराशी रोज चतकोर भाकरी मिळायची ते दार बंद, चूल बंद. कालपर्यंत घरचा असलेला कुत्रा आज मोकाट ठरतो. त्याने काही बदललेले नसते, त्याचा भाकरतुकडा बदललेला असतो.

यात पंचांगही भर घालते. भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कुत्रीची गर्भावस्था साधारण ६३ दिवसांची. भाद्रपदात दोन महिने मिळवले की कार्तिक-मार्गशीर्ष येतो. म्हणजे मादीला दुप्पट-तिप्पट खाणे लागते तेव्हाच गाव रिकामे होते. पिल्ले जन्मतात ती बंद दारांपुढे. भुकेली, पिल्लांची राखण करणारी मादी आणि शाळेत पायी जाणारी लेकरे समोरासमोर येतात. लवूळची बातमी डिसेंबरातली होती, हेही इथे आठवावे.

यावर उपाय तारखांसह सांगता येतो. नसबंदी भाद्रपदाच्या आधी, म्हणजे आषाढ-श्रावणात. लस आणि जंतनाशक सप्टेंबरअखेर. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. शहरांत त्या दिवशी पोस्टर लागतात, बीडमध्ये त्या दिवशी तांड्यावर शिबिर लागले पाहिजे. कारण साधे आहे. गावठी कुत्रा कोणाच्याही हाती लागत नाही, तो भाकरी घालणाऱ्याच्याच हाती लागतो. तो हात दसऱ्यानंतर जिल्ह्याबाहेर गेलेला असतो. नोव्हेंबरात जाळी घेऊन दहा माणसे जे करू शकत नाहीत, ते सप्टेंबरात घरची बाई एका हाकेत करते.

तिसरी गोष्ट भाकरीची. निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्या कुत्र्याचे पीठ मोजून शेजारी ठेवायचे आणि कोण घालणार ते ठरवायचे. वरच्या हिशेबाने नुसत्या भाकरीवर एका कुत्र्याला महिन्याला साडेसात किलो पीठ लागते. एका घराला ते जड आहे, पाच-सहा घरांनी मिळून एका-दोन कुत्र्यांसाठी ते जमते. ग्रामपंचायतीने चिकन-मटणाच्या कचऱ्यासाठी खड्डा आणि खाऊ घालण्यासाठी शाळेपासून दूरची एक जागा ठरवली, तर बाकीचे गावच करते.

‘इथे माणसांना पाणी नाही आणि तुम्ही कुत्र्यांचे काय घेऊन बसलात?’

हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. दुष्काळ, स्थलांतर, शिक्षण यांच्यापुढे कुत्र्याची भूक छोटी वाटते. पण चावा कोणाला बसतो ते पाहा. बंद गाडीतून फिरणाऱ्याला बसत नाही. तो पहाटे परसाकडे जाणाऱ्या म्हातारीला, पायी शाळेत जाणाऱ्या पोराला आणि फडात झोपलेल्या लेकराला बसतो. लसीसाठी तालुक्याला जाण्यात ज्याची मजुरी बुडते, त्याच्याच घरात रेबीजचा धोका जास्त. कुत्र्याच्या भुकेचे बिल शेवटी गरीब माणूसच भरतो.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. आजचा पशुवैद्यक तूप थोडे कमी करायला सांगेल, एवढेच. त्या गोष्टीत कुत्र्याला हावरट म्हटलेले नाही, काठीही नाही. आपल्याला धावायचीही गरज नाही. बादलीला झाकण, मोजलेली वाटी, एक खोल खड्डा आणि दसऱ्याआधीची एक लस, एवढे केले तरी पुरे.